वैरणीच्या खोलीतला शिरका

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या ग्वाल्हेरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "तोंड भाजलं का?" नाही भाजलं. दुसरा प्रश्न अंबाबाईच्या दर्शनाचा आणि तिसरा चपलांचा. दर्शन झालं, चपलाही आणल्या, आणि त्या करकर वाजतात म्हणून आमच्या ह्यांनी त्या घरात घालायला मला बंदी केली आहे. हे तिन्ही विषय इथेच मिटले. मला सांगायचं आहे ते शिरक्याबद्दल. दुकानात त्याला व्हिनेगर म्हणतात आणि मोजूनमापून चमच्याने वापरतात. आमच्याकडे तो दर थंडीत मडक्यात घालतात आणि वर्षभर ओतून ओतून वापरतात.

आम्ही मराठी खरे, पण ग्वाल्हेरला पिढ्या गेल्यामुळे आमचं स्वयंपाकघर अर्धं हिंदुस्थानी झालं आहे. उसाच्या रसाचा शिरका, त्यात मुरलेला कांदा, मुळा, हिरवी मिरची, हे ताटात नसेल तर जेवण वाढलंच नाही असं मला वाटतं. माझी धाकटी बहीण सुशी लग्न होऊन कोल्हापूरला गेली तेव्हापासून तिच्या घरी निवांत राहायचं मनात होतं. शाळेतून निवृत्त झाले आणि गेल्या थंडीत निघाले. सामानात शिरक्याची एक बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून घेतली. प्रवासात तीन वेळा गाड्या बदलल्या, पण बाटलीला मी हमालाचा हात लागू दिला नाही.

कोल्हापूर

स्टेशनवर मेहुणे, म्हणजे सुशीचे यजमान दिनकरराव, न्यायला आले होते. मला बघताच फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडले, "अक्का, आलासा? लई वाळलायसा की!" सगळं स्टेशन माझ्या वाळण्याकडे बघायला लागलं. आमच्या ग्वाल्हेरला असं काही बोलायचं तर आधी दहा मिनिटं तब्येतीची, हवापाण्याची, मुलाबाळांची विचारपूस होते. इथे जे मनात ते ओठांवर, आणि ओठांवरचं ते चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. पहिले दोन दिवस मला वाटत होतं की गल्लीत सारखी भांडणं चालली आहेत. नंतर कळलं, लोक एकमेकांना जेवायला बोलावत होते.

त्यांचं घर रंकाळ्याच्या अंगाला. पुढे राहायची जागा, मागे म्हशींचा गोठा आणि त्याला लागून वैरणीची खोली. मुलगी सासरी, मुलगा पुण्याला शिकायला, त्यामुळे घरात दोघंच. संध्याकाळी मेहुणे म्हशी घेऊन कट्ट्यावर जातात. तिथे गिऱ्हाइकं पेले घेऊन उभी असतात, डोळ्यांदेखत म्हैस पिळायची आणि फेसाळ दूध तसंच उभ्या उभ्या प्यायचं. आमच्याकडे दूध दोनदा उकळी आल्याशिवाय आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. मी भीत भीत पेला तोंडाला लावला तर मेहुणे म्हणाले, "घ्या की अक्का, म्हशीनं पाणी घातल्यालं न्हाय." आणीबाणी उठून गेली होती आणि पावणेदोन वर्षं गप्प बसलेली माणसं कट्ट्यावर ते सगळं व्याजासकट बोलून घेत होती. माझ्या नाकाला फेस लागला आहे हे मला घरी येईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

जेवणाचं काय सांगावं? तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण आणि बुक्की मारून फोडलेला कांदा. पांढरा रस्सा तर मी खीर प्यावी तसा प्यायले. पण आंबटाच्या बाबतीत हे लोक लिंबू, चिंच आणि दही यांच्या पुढे गेलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी माझी बाटली काढली. कांद्याच्या चकत्या, थोडं बीट, मिरची, मीठ आणि वर शिरका. दुपारपर्यंत कांदा गुलाबी झाला. मेहुण्यांनी आधी वाटी नाकाशी नेली, मग सुशीकडे पाहिलं, मग एक चकती तोंडात टाकली. "ब्येस लागतंय की!" म्हणाले आणि वाटी संपवली.

मग काय, मला चेवच चढला. मटण जून निघालं तेव्हा दोन चमचे शिरका चोळून ठेवलं आणि ते लोण्यासारखं शिजलं. पंचगंगेच्या मासळीचा वास शिरक्याच्या पाण्याने धुऊन घालवला. तडकलेलं अंडं उकळताना पाण्यात चमचाभर टाकला, पांढरं बाहेर आलं नाही. लसूण सोलून झाल्यावर सुशीच्या हातावर थेंबभर चोळला. शेजारणी बघायला यायला लागल्या. मी शाळेत जशी फळ्यापुढे उभी राहायचे तशीच तिथे चुलीपुढे उभी राहिले.

एकदाच फजिती झाली. मी पनीर करायचं म्हणून तापलेल्या दुधात शिरका ओतला. मेहुणे दारात उभे होते. दूध फाटताना बघून त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी म्हशीलाच मारलं. "अक्का, दूध नासिवलासा?" एवढंच म्हणाले आणि बाहेर निघून गेले. दुधावर ज्यांचं घर उभं आहे त्यांच्याकडे दूध नासणं म्हणजे अपशकुन, आणि मी ते मुद्दाम नासवत होते. संध्याकाळी पनीरची भाजी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली. वर म्हणाले, "नासल्यालं हाय हे मनात आणायचं न्हाय, मग जातंय."

बाटली तळाला गेली. मी म्हटलं, उसाच्या राज्यात राहता आणि शिरका ग्वाल्हेरहून यायचा? घरी घालू. त्याच दिवशी सुशी नणंदेच्या नातवाच्या बारशाला चार दिवस जयसिंगपूरला निघाली होती. ती गेली आणि मी मेहुण्यांच्या मागे लागले.

मुरगूडच्या वाटेवर

मेहुण्यांच्या चुलतभावाचं, तुकाभाऊंचं, मुरगूडजवळ गुऱ्हाळ आहे. एसटीतून उतरून उसाच्या फडांतून चालत गेलो. गूळ होताना तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. जमिनीत खणलेल्या चुलवाणावर खाटेपेक्षा मोठी काहील, तिच्यात रस उकळतो आहे, एक माणूस वर येणारी काळी मळी झाऱ्याने काढतो आहे, दुसरा खाली पाचट सारतो आहे. रस स्वच्छ व्हावा म्हणून त्यात भेंडीच्या झाडाचं बुळबुळीत पाणी घालतात, हे मला नवीन होतं. हवेला इतका गोड वास की नुसत्या श्वासाने पोट भरावं. तुकाभाऊंनी केळीच्या पानावर गरम काकवी दिली, वर शेंगदाणे. मी बोटं चाटून खाल्ली. ग्वाल्हेरला असं खाताना कुणी पाहिलं असतं तर आमच्या घराण्याची चर्चा झाली असती.

मी कच्चा रस मागितला, शिरका घालायला. तुकाभाऊंना समजेना. मी सांगितलं की रस बरणीत भरायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि उबेला ठेवून आंबू द्यायचा. हे ऐकून मळी काढणारा माणूस झारा हातात घेऊन हसायलाच लागला. "पावणं, गूळ करायचा सोडून रस आंबिवताय व्हय? त्येला आमच्यात येगळंच नाव हाय!" सगळं गुऱ्हाळ हसलं. मीसुद्धा हसले. मेहुणे हसले नाहीत. धुराने डोळे चुरचुरत असतील असं मला वाटलं.

घरी आल्यावर मोठी चिनीमातीची बरणी घासून भरली आणि बाटलीत उरलेला जुना शिरका विरजण म्हणून तिच्यात घातला. आता जागा. मी सगळं घर फिरून पाहिलं आणि वैरणीची खोली मला एकदम पसंत पडली. कडब्याची ऊब, अंधार आणि वैरण काढणाऱ्या गड्याशिवाय कुणाची ये-जा नाही.

"अक्का, तितं नको," मेहुणे म्हणाले. "माडीवर ठिवूया की."

"माडीवर वारा लागतो."

"मग सैपाकघरात ऱ्हाऊ दे. सुशीला आली की तिला सांगूनच ठिवू."

"छे! तिला सांगायचं नाही. तयार झाल्यावर एकदम ताटात वाढायचा. नाहीतर गंमत काय राहिली?"

ते थोडा वेळ बरणीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तुमी म्हंतायसा तर ठिवतो." आणि कडब्यामागे नेऊन ठेवली. तीस वर्षं पोरींना शिकवलेल्या बाईला उत्साहाच्या भरात समोरच्या माणसाचा चेहरा वाचता येत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुन्हा कोल्हापूर

सुशी जयसिंगपूरहून आली ती बारशाच्या गप्पा घेऊन. दोन-तीन दिवस घरात हसणं होतं. मग तो गडी गावी गेला आणि एक दिवस सुशीच वैरण आणायला मागच्या खोलीत गेली.

त्या दिवसापासून घराचा आवाज गेला. सुशी कामं सगळी करत होती, पण तोंडातून शब्द नाही. मेहुण्यांना वाढताना वाकून अगदी जवळ जायची आणि मागे व्हायची. त्यांचा सदरा धुवायला घेण्याआधी तोंडाजवळ धरायची. ते कट्ट्यावरून यायला थोडा उशीर झाला की दारात जाऊन उभी राहायची. मेहुणे खाली मान घालून जेवायचे. मला वाटलं, पाहुणी फार दिवस राहिली की असं होतं. परतीचं तिकीट काढावं का, असाही विचार आला.

एका दुपारी आम्ही दोघी पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. सुशीचे हात थांबले.

"ताई, यांचं परत सुरू झालंय."

"काय सुरू झालंय?"

"पिणं."

माझ्या हातातली शेंग खाली पडली. दिनकरराव पितात? मग सुशीने सांगितलं, सोलत सोलत, माझ्याकडे न बघता. पूर्वी प्यायचे. अशी तशी नाही, चांगली काही वर्षं. बाटल्या वैरणीच्या खोलीत, कडब्यामागे लपवायचे. वास आला की म्हशीचं औषध आहे म्हणायचे. त्या वर्षांत ती माहेरी आली नाही, आणि दरवेळी पत्रात म्हैस व्यायला झाली आहे असं लिहायची. आम्ही तिकडे हसायचो, की सुशीच्या म्हशी बारमाही वितात. मग एके दिवशी त्यांनी आपणहून सोडली. सोडून बरीच वर्षं झाली.

"आणि परवा वैरण आणायला गेले तर तोच वास. तीच जागा. बरणी ठेवलीय आता, बाटली नाही."

मी उभीच राहिले. "अगं वेडे, ती बरणी माझी आहे! तो शिरका आहे!"

मला वाटलं होतं ती हसेल. तिने माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की माझंच तोंड पडलं. "तुलासुद्धा असंच सांगितलं का त्यांनी?" म्हणाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तर वर्षानुवर्षं पोळलेलं. मी तिचा हात धरून वैरणीच्या खोलीत नेलं, बरणीचं फडकं सोडलं आणि वाकून वास घेतला.

तो शिरक्याचा वास नव्हता. रस शिरका होण्याआधी काही दिवस दारूच असतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण आमच्या घरी त्या दिवसांत मडक्याजवळ कुणी जात नसे, म्हणून त्याचा कधी विचारच केला नव्हता. गुऱ्हाळातला तो माणूस हसला होता तो उगाच नाही. मी बोट बुडवून चाटलं. गोडी संपलेली, आंबटाची नुसती चाहूल, आणि घशात जाळ.

"हा वास तू मला शिकवू नकोस, ताई," सुशी म्हणाली.

"आंबेल गं हा. पंधरा-वीस दिवसांत कडक आंबट होईल. तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते, मीच ठेवलाय इथे. ते नको म्हणत होते." मी बरणीला हात घातला. "नाहीतर आत्ता ओतून देते मोरीत."

ती कडब्याच्या पेंढीवर बसली. मी शिरका घातला हे तिला पटलं असावं. पण मी घातला म्हणून ते त्यातलं प्यायले नाहीत, हे कुठे सिद्ध होत होतं? एवढी बरणी, तीच खोली, आणि गडी गेल्यापासून ते रोज पहाटे वैरण काढायला तिथे जाणारे. खरं सांगते, तो प्रश्न मलाही पडला होता.

"ओतू नको," शेवटी ती म्हणाली. "ओतलीस तर मला कधीच कळणार नाही."

"मग रस कुठवर आहे तिथे आतून कोळशाची खूण करून ठेवते."

"खूणही नको. खूण केलीस तर मी रोज बघायला येईन. तशी वर्षं काढलीत मी. आता नाही."

तिने स्वतःच फडकं बांधलं आणि बाहेर आली. बरणी तिथेच राहिली.

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले. मेहुणे म्हैस पिळत होते. गिऱ्हाईक गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी धार काढायचं थांबवलं नाही.

"मला कळलंय त्ये," म्हणाले. "ती सदरा हुंगाय लागली तवाच कळलं."

"मग सांगितलं का नाहीत तिला? माझ्या शब्दाची एवढी काय पत्रास?"

"सांगून काय हुनार, अक्का? आदी मी म्हशीचं आवशीद म्हणून सांगिटलंय. आता शिरका म्हणून सांगिटलं आस्तं. तिला दोन्ही सारकंच की." चरवी बाजूला ठेवून ते उठले. "आनि तिसऱ्या दिशीच मला वास आलता. तुमाला म्हनायचं हुतं, बरनी हलवा. पर म्हनलं, ऱ्हाऊ दे. मला बी बगायचं हुतं."

"काय बघायचं होतं?"

"रोज पाटं जातो. वास येतो. वैरन काढतो, म्हशीला घालतो. दाराला कडी लावून भाईर येतो." हात पुसत ते म्हणाले, "एवडंच."

मला भर रस्त्यात रडू आलं. एक म्हातारं गिऱ्हाईक लांबूनच ओरडून विचारू लागलं, "काय झालं ओ बाईस्नी?" मेहुण्यांनी तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं, "काय न्हाय, दूध गरम लागलं!"

मी तिकीट पुढे ढकललं. ह्यांना पत्र टाकलं की शिरका तयार झाल्याशिवाय येत नाही. त्यांना वाटलं असेल, बायकोला वेड लागलं. ते दिवस लांब गेले. सुशी वाढताना अजून वाकायची, पण वैरणीच्या खोलीत गेली नाही. गडी परत आला होता तरी पहाटेची वैरण मेहुणेच काढत राहिले. मी मात्र दिवसातून एकदा फडक्याबाहेरून वास घेऊन यायचे, आणि शिरक्याला मनातल्या मनात विनवायचे की बाबा, आंब आता. एखाद्या पदार्थासाठी मी देवाला साकडं घातलं ते आयुष्यात पहिल्यांदाच.

एक दिवस मी खोलीचं दार उघडलं आणि नाकाला झिणझिण्या आल्या. हाच तो वास, आमच्या घरचा. मी ओरडतच सुशीला बोलावलं. आम्ही दोघींनी बरणी उचलून अंगणात उन्हात आणली. फडकं सोडलं. वर पातळ साय धरली होती, ती बाजूला केली. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. भरताना जिथवर रस होता तिथून बोटभर खाली, आणि तेवढं तर उडून जातंच. सुशीने पाहिलं, आणि ती बराच वेळ पाहत राहिली.

मग तिने पळीने थोडा वाटीत घेतला आणि प्यायली. एवढा कडक शिरका कुणी असा पितं का? तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते ठसका थांबल्यावरही थांबेना. पदराने तोंड पुसून तिने गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, अगदी कोल्हापुरी आवाजात, "अहो, इकडं या!"

मेहुणे शेणाचे हात धुऊन आले. तिने वाटी पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही.

"घिऊ?" त्यांनी विचारलं.

"घ्या. तुमचाच आहे."

त्यांनी घोट घेतला आणि असं तोंड केलं की आम्ही दोघी हसायला लागलो. दुपारी कांदा, मिरच्या, बीट, मुळा, जे घरात होतं ते सगळं त्या शिरक्यात पडलं. गल्लीतल्या घराघरांत वाट्या गेल्या. एका वाटीने घोळ केलाच. ती पितळेची होती, सकाळी आतून हिरवी झाली, आणि शेजारणीने ती भिंतीवरून नाचवत आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी तक्रार केली. सुशीने तितक्याच मोठ्याने सांगितलं की शिरका चिनीमातीत ठेवायचा असतो, एवढंही कळत न्हाय व्हय.

दोन दिवसांनी मी निघाले. स्टेशनवर दोघंही आले होते. मेहुण्यांनी माझी ट्रंक खांद्यावर घेतली होती आणि ते आमच्या मागून चालत होते. सुशी चालता चालता म्हणाली, "ताई, दादाला सगळं सांग. वहिनीलाही सांग. आणि तू लिहितेस तिकडच्या मराठी मंडळाच्या अंकात, तर लिहिलंस तरी चालेल."

"काय सांगू?" मी मुद्दाम विचारलं.

"की हे पीत होते म्हणून मी येत नव्हते. म्हशींचं खोटं होतं. आणि सांग की आता पीत नाहीत."

मागची पावलं थांबली. मी वळून पाहिलं तर मेहुण्यांनी ट्रंक खाली ठेवली होती. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"पयल्यांदा म्हनलीस तू," ते सुशीला म्हणाले, आणि त्या माणसाचा आवाज मला इतका हळू कधी ऐकू आला नव्हता.

"मी काय म्हणाले?"

"आता पीत न्हाईत म्हणून. एवढ्या वर्सात पयल्यांदा."

सुशी त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "का? खोटं आहे का?"

"न्हाय," मेहुणे म्हणाले. "खरं हाय की."